नाव घेतल्याशिवाय चेंडू सोडायचा नाही

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार

आज कॉलेजात रुजू झाले. हजेरीपत्रकावर लिहिले : कु. जाई पिराजी सरवदे, बी. ए., सहायक प्रशिक्षक, बास्केटबॉल (मुली). 'बी. ए.' लिहायची गरज नव्हती, असे क्लार्क म्हणाले. मी खोडले नाही. आमच्या घरात तिथवर पोचलेली मी पहिलीच.

क्रीडा विभागाचे प्रमुख आण्णासाहेब सर. सगळा जन्म खो-खोत गेलेला माणूस. सिकंदराबादला रेल्वेच्या संघात मी चार वर्षे खेळले. गुडघा गेल्यावर मला मालधक्क्याच्या कचेरीत बसवले होते. ती पक्की नोकरी सोडून इथे मानधनावर का आले, हे त्यांना कळत नाही. परंड्याला आईलाही कळत नाही. सर म्हणाले, "टोपलीत चेंडू टाकायचा, तो खालनं बाहेर येतो. मग टाकायचा कशाला?" शिपाई हसला. मीही हसले, पण जरा उशिरा.

मग त्यांनी नीट सांगितले. कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ आजवर एकदाही बाहेर खेळलेला नाही. अठरा जानेवारीला लातूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. संघ उतरला तर मैदान राहील. नाही उतरला तर प्राचार्य खांब उपटून ती जागा जनावरांच्या छावणीला देणार, कडब्याच्या गंजी लावायला. दुष्काळाचे दुसरे वर्ष, जनावरांना नाही कोण म्हणणार?

२१ नोव्हेंबर

सहा मुली मिळाल्या. सहातल्या चार सरांच्या खो-खोतल्याच आहेत. सकाळी साडेसहाला मैदानावर येतात. मैदानावर मारायला पाणी नाही, त्यामुळे दोन फेऱ्या पळाल्या की सगळ्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसतात.

तिघी चांगल्या तयार होतील. नीलम्मा उमरग्याकडची, उंच, चुकली की स्वतःलाच कानडीत बोलते. तुळजा पवार दुसऱ्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी लग्न झाले. तिचा नवरा व्यंकट सहकारी साखर कारखान्यात फिटर आहे; आमच्या खांबांवरच्या दोन्ही कड्या त्यानेच तिथे वाकवून दिल्या. तुळजाचा पास सगळ्यांत वेगवान. आणि मथुरा ओव्हाळ. ती सुट्टीत रोजगार हमीच्या तलावावर जाते. हातोहात मातीची पाटी द्यायची तिला इतकी सवय आहे, की चेंडू तिच्या हातात येऊन थांबतो, आपटत नाही. कडीजवळ तिला चेंडू मिळाला की गुण झालाच समजायचे.

आज पहिला नियम शिकवला. माझ्या प्रशिक्षकांनी मला शिकवलेला : नाव घेतल्याशिवाय चेंडू सोडायचा नाही. जिला चेंडू द्यायचा तिला आधी हाक. नाही तर बोटे मोडतात. तुळजाने "अगं, घे" म्हणून चेंडू टाकला. मी खेळ थांबवला. "अगं म्हटलं की सहाच्या सहा वळतात. इथं अगं-तुगं चालणार नाही. नाव." तिने मान डोलावली.

२५ नोव्हेंबर

तुळजाच्या घरी संमतिपत्र घेऊन गेले. सासरे दगडोबा पवार दूध सोसायटीचे सचिव आहेत. सचिवांच्या घरी बिनदुधाचा चहा मिळाला. निम्मी जनावरे छावणीत आहेत, असे ते ओशाळून म्हणाले. बोलणे मात्र सगळे सासूबाईंनीच केले. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर मोठे कुंकू. चेंडू केवढा, वजन किती, कडी किती उंच, एकीने टाकला की दुसरीने काय करायचे, हे सगळे विचारले. मला वाटले, सुनेची काळजी. मग बांगड्यांचे विचारले. मी सांगितले की खेळताना वर बँडेजची पट्टी गुंडाळू, काढायला नको. त्यावर त्या दगडोबांकडे वळून म्हणाल्या, "बघा, पट्टी गुंडाळत्यात." दगडोबा म्हणाले, "मग कर सही, व्यंकटची आई."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या अक्षरे शिकल्या आहेत. सही करायला बराच वेळ लागला : मथुराबाई दगडोबा पवार. मग कागद लांब धरून बघत राहिल्या. काही चुकले असे त्यांना वाटत असावे, म्हणून मी म्हटले की बरोबर आहे. "बरोबर हाय व्हय," म्हणाल्या आणि तरी बघतच राहिल्या.

निघताना तुळजा त्यांना म्हणाली, "आत्याबाई, बाईंना कुंकू लावा की." मग त्यांनी हळदीकुंकू लावले आणि वाटीभर शेंगदाणे दिले. रेल्वेच्या वसतिगृहात चार वर्षे राहून आल्यावर असे घर बरे वाटते.

२ डिसेंबर

एक गोष्ट दिसली आणि ती दिसायला नको होती.

तुळजा मथुराला चेंडू देत नाही.

मथुरा कडीखाली मोकळी उभी असते, हात वर. तुळजा तिच्याकडे बघते, ओठ हलतात, आणि मग "नीलम्मा" म्हणून चेंडू नीलम्माला. नीलम्मा मथुराला देते. तोवर समोरच्या पोचलेल्या असतात.

एखाद्या दिवशी होते असे. उद्या बघू.

५ डिसेंबर

आज फक्त तेच बघत बसले. पाऊण तासात तुळजाने मथुराला एकदाही चेंडू दिला नाही. मोकळी असूनही. बाकी चौघींना नाव घेऊन, खणखणीत आवाजात.

सराव संपल्यावर दोघी कठड्यावर बसून एकाच डब्यातली भाकरी खात होत्या. माठातले पाणी मथुराने काढले, तुळजा प्याली. मी मनाशी म्हटले, मग मला का असे वाटावे? नंतर वाटले, टंचाईत पाणी कुणीही कुणाच्या हातचे पिते. भाकरीही चार लोक बघत असताना खाता येते. खेळात माणूस विचार न करता वागतो. खरे काय ते तिथेच बाहेर पडते.

आण्णासाहेब सरांना विचारावे असे मनात आले होते. पण ते काय, विषय टाळतील.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबरच्या अभिवादनाला परंड्याला गेले होते. बाबा बोलले. त्यांना भाषण येत नाही, कुर्डुवाडीला रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य गेले, पण दरवर्षी चार वाक्ये बोलतातच. धर्मांतरानंतर पहिली गोष्ट काय केली, तर आईला सांगितले, मला नावाने हाक मार. तेव्हापासून आमच्या घरात आई "पिराजी, जेवायला चला" असे म्हणते. शेजारच्या बायका अजून तोंडाला पदर लावतात. मला लहानपणापासून ते इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात हसण्यासारखे काय हे कळत नाही.

परतताना एसटीत सारखी चौथीतली शाळा आठवत होती. मला तहान लागली की गुरुजी दुसऱ्या एका मुलीला सांगायचे, ती तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत पाणी ओतायची. थेट कुणी देत नसे. मधे कुणीतरी लागायचे.

मधे नीलम्मा लागते.

हे बघून मी गप्प बसले, तर बी. ए. कशाला झाले?

९ डिसेंबर

बोलले. सगळ्यांपुढे बोलले. असे काही चारचौघांतच बोलले पाहिजे, नाही तर ते दबून राहते.

मथुरा मोकळी होती, तुळजा तिच्याकडे बघून थांबली, आणि पुन्हा नीलम्मा. मी शिट्टी मारली. म्हटले, "तुळजा, ओव्हाळाच्या पोरीला चेंडू दिला तर हात बाटतो का तुझा?"

तुळजाने बांगड्यांवरची पट्टी उलगडली, नीट गुंडाळी केली, कठड्यावर ठेवली आणि निघून गेली. मथुराने चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवला आणि तीही गेली. मला वाटले, तिचे मन भरून आले असेल. एवढ्या वर्षांत तिच्या बाजूने कुणी बोलले नसेल.

१० डिसेंबर

तुळजा आली नाही. मथुराही आली नाही. राहिल्या चार. खेळायला पाच लागतात.

१२ डिसेंबर

आजही चारच. आण्णासाहेब सर येऊन बघून गेले. प्राचार्यांच्या खोलीबाहेर छावणीचे मुकादम बसलेले दिसले.

मी बरोबरच वागले, असे रोज स्वतःला सांगते. इतक्या वेळा सांगावे लागते, याचेच आश्चर्य वाटते.

१३ डिसेंबर

मथुरा दुपारी क्रीडा विभागात आली. उभीच राहिली. मी खुर्ची दिली तरी बसली नाही.

म्हणाली, "बाई, माझं भांडण मला न इचारता तुमी कशाला भांडलात?"

मी म्हटले, मी तुझ्याच बाजूने बोलले.

"व्हय. आन् आता सगळ्या कॉलेजात मी चेंडूवाली झाली. कुणी बाटवून घेतो का म्हणून पोरं माझ्याकडं कागदाचे बोळे फेकत्यात." मग जरा थांबून, "तिच्या सासूचं नाव काय हाय, सांगा."

"तुळजाच्या सासूबाईंचं?"

"ते नाव न्हाय, बाई."

मी कपाटातून संमतिपत्र काढले. मथुराने बघायचीही तसदी घेतली नाही. कागद माझ्या हातात होता आणि मीच वाचत होते. मथुराबाई दगडोबा पवार. हे नाव माझ्यासमोर लिहिले गेले होते, एकेक अक्षर, एवढ्या सावकाश.

"सासूचं नाव ती कसं घेईल? लगीन झाल्यापासनं मला 'अगं' म्हणती, न्हायतर 'वव्हाळीण'. मीच म्हणलं, काय बी म्हण. पर तुमी म्हणलात, अगं-तुगं चालणार न्हाय, नावच. आन् नाव घेतल्याबिगर चेंडू सोडायचा न्हाय. मग ती काय करणार? तुमचे दोनी नियम पाळत होती बिचारी."

मी म्हटले, मला कुणी सांगितले का नाही?

"तुमास्नी ठाऊक नसंल असं कुणाला वाटतंय? बाईमाणूस हाव तुमी."

ती गेल्यावर आण्णासाहेब सर आत आले. सगळे ऐकले असावे. त्यांना मी विचारले, तुम्हाला माहीत होते का. "सगळ्यांना ठाऊक होतं. तुमी इचारलं न्हाय. डायरेक्ट निकालच लावलात." मग टेबलावरची शिट्टी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ज्यानं भोगलंय त्याला असंच वाटायचं, त्यात तुमची चूक न्हाय. पोरीला बोललात, ती चूक."

संमतिपत्र कपाटात परत ठेवले.

१४ डिसेंबर, रविवार

पवारांच्या घरी गेले. तुळजा आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. तिच्या सासूबाई ओसरीवर जोंधळे पाखडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, पण पोते सरकवले. मी त्या पोत्यावर बसले आणि माफी मागितली.

त्यांनी सूप खाली ठेवले. "हितं नका मागू. सगळ्यांपुढं बोललात ना, मग सगळ्यांपुढंच मागं घ्या. घरात येऊन मागितली तर ती आमालाच कळंल. गावात काय म्हणत्यात, पवाराच्या सुनेनं पोरीचा बाट मानला. मी त्या पोरीच्या हातचं जेवले हाय, तुमी यायच्या आधीपासनं."

मी म्हटले, उद्याच सांगते.

मग त्यांनी तुळजाला बाहेर बोलावले. "आन् नावाचं म्हणशील तर, माझं नाव घेतल्यानं मी मरती व्हय? खेळात काय दोष. घे."

तुळजा दाराशी उभी. तोंड उघडले, मिटले. पुन्हा उघडले. सासूबाई हातातले दाणे तसेच धरून, मान पुढे करून थांबल्या होत्या. एक अक्षर बाहेर पडले, "म", आणि तुळजाला हसू फुटले, मग रडू. "न्हाय जमत, आत्याबाई."

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि सूप उचलले. नंतर मान वर न करता पाखडत राहिल्या. सून ऐकत नाही याचा राग आला असावा.

१५ डिसेंबर

साडेसहाला सगळ्यांना उभे केले; तुळजा मथुराला घेऊन आली होती. सर होते. कागदाचे बोळे फेकणारी दोन-चार मुले कठड्यावर होती, त्यांनाही बोलावले. म्हटले, "मंगळवारी मी तुळजाला जे बोलले ते खोटं होतं. चूक तिची नव्हती, मथुराची नव्हती. मी न विचारता बोलले. माफी मागते."

तुळजा म्हणाली, "झालं, बाई," आणि हातावर पट्टी गुंडाळायला लागली. मथुराने मात्र माझ्याकडे बघितले नाही. तिला हक्क आहे.

मी नियम मागे घेतला. म्हटले, हाक न मारता दिला तरी चालेल. तर मथुराच कडाडली, "चालंल कसं? मला पाठीत बसंल. बोटं मोडली तर पाटी कोण उचलंल?" मग तुळजाकडे वळून म्हणाली, "सासूला काय म्हणतीस?"

"आत्याबाई."

"मग तेच म्हण. मी तुझी आत्याबाई. चेंडू दे आन् पाया पड."

नीलम्मा हसत खालीच बसली. पण तुळजा हसली नाही, विचार करत उभी राहिली. पुढच्या फेरीत ती उजवीकडून आली, मथुरा कडीखाली होती, आणि तुळजा जोरात ओरडली, "आत्याबाई, घ्या!" चेंडू सरळ गेला. सासूला 'घे' कसे म्हणणार, म्हणून 'घ्या'.

४ जानेवारी १९८७

सराव चांगला चालला आहे. कठड्यावरची मुलेही आता बोळे फेकत नाहीत. तीही "आत्याबाई" ओरडतात, आणि त्यांना मथुरा सासूसारखीच शिव्या देते.

लातूरला मुलींबरोबर माझ्याशिवाय आणखी एक बाई हवी, असे प्राचार्य म्हणाले. तुळजाच्या सासूबाई म्हणाल्या, मी येते. छावणीतल्या जनावरांचे व्यंकट बघेल. इतक्या पटकन हो म्हणतील असे वाटले नव्हते.

१८ जानेवारी

लातूरहून आत्ताच आले.

सकाळच्या एसटीत सासूबाईंनी चेंडूची पिशवी मांडीवर घेतली. वर फळीवर जागा होती, तरी शेवटपर्यंत मांडीवरच. धक्क्याने फुटेल असे वाटले असेल. चेंडू फुटत नाही, असे मी सांगितले.

मैदान पक्के, सिमेंटचे. आमच्या मुली आधी पायच टेकवत नव्हत्या. समोरचा संघ तीन वर्षांपासून खेळणारा. पहिल्या दहा मिनिटांत दोन गुण आमचे, अकरा त्यांचे. मग तुळजाला वाट सापडली. "आत्याबाई, घ्या!" लातूरच्या मुली कुणाची आत्या आली म्हणून थबकल्या, तेवढ्यात मथुराने चेंडू कडीत टाकला.

आणि बाकावर बसलेल्या सासूबाई ताडकन उठल्या. "काय गं?" मोठ्याने. पंचांनी वळून बघितले. सगळे मैदान हसले. त्याही हसल्या, बसल्या, आणि पुढच्या हाकेला पुन्हा अर्ध्या उठल्या.

दुसऱ्या डावात सगळे मथुरावर होते. आमची बस चुकवून मागून ट्रकने आलेली कॉलेजची पोरे ओरडायला लागली, "मथुरा! मथुरा!" बाकीच्या मुलीही : मथुरा मागं, मथुरा इकडं. बघता बघता लातूरची शाळकरी पोरेही त्यात सामील झाली. शे-दोनशे माणसे तेच नाव घेत होती. मी एकदा बाकाकडे बघितले तर सासूबाई पदराने तोंड पुसत होत्या. सिमेंटवर धूळ फारशी नव्हती, पण ऊन होते.

हरलो. त्यांचे तीस, आमचे पंचवीस. पंचवीसपैकी सोळा मथुराचे, आणि त्यातले बहुतेक तुळजाच्या हातून गेलेले. खेळ संपल्यावर मथुरा माझ्याकडे आली आणि प्यायला पाणी मागितले. माफीनंतर पहिल्यांदाच ती सरावाबाहेर आपणहून माझ्याशी बोलली. माझ्या हातातली बाटली घेतली, तोंड लावून प्याली, परत दिली. मीही प्याले.

परतीच्या एसटीत सासूबाईंनी विचारले, "पुन्हा कवा?" मी म्हटले, पुढच्या वर्षी. "लई लांब हाय," त्या म्हणाल्या.

२० जानेवारी

आण्णासाहेब सर प्राचार्यांना भेटून आले. खांब राहणार. कडब्याला खो-खोच्या मैदानाची एक बाजू दिली. सरांनी स्वतःच दिली, असे शिपायाकडून कळले. मी आभार मानायला गेले, तर म्हणाले, "तुमच्या टोपलीनं आमच्या चार पोरी नेल्या, आता मैदान काय करू?"

सकाळी सराव चालू असताना तुळजाच्या सासूबाई आल्या. सुनेची पट्टी राहिली होती, ती न्यायला आले म्हणाल्या. पट्टी तुळजाच्या हातावरच होती. ती दाखवल्यावर "व्हय की" म्हणाल्या आणि कठड्यावर बसल्या. शेजारी दुधाची किटली. मुली खेळत होत्या : मथुरा, इकडं. मथुरा, वर. मथुरा, सोड. तुळजाची "आत्याबाई" मधूनमधून.

आठला सोसायटीचे दूध मोजून बंद होते. सासूबाईंना उशीर होईल म्हणून मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"ऐकू द्या की, बाई," म्हणाल्या.

'बघू द्या' म्हणायचे असावे.